पुरळ नंतर बघा, आधी क्रम विचारा: गोवर कसा ओळखावा

लहान मुलाला ताप आला आणि अंगावर लाल पुरळ उठले की घरात एकाच वेळी चार निदाने होतात. आजी म्हणते, गोवर आहे, तो अंगावर पूर्ण येऊ द्या. शेजारच्या काकू म्हणतात, उष्णता आहे. वडिलांना कालच सुरू केलेल्या औषधाची शंका येते. पावसाळ्याचे दिवस असतील तर डेंग्यूच्या धास्तीने कोणीतरी प्लेटलेट मोजून आणायला सांगतो. यातले प्रत्येक निदान कुठल्या ना कुठल्या मुलाच्या बाबतीत खरे ठरते. आपल्या मुलाच्या बाबतीत कोणते खरे आणि ते कशावरून ठरवायचे, हा प्रश्न उरतोच.

बहुतेक जण ते पुरळाकडे बघून ठरवतात आणि तिथेच गल्लत होते. ताप आणि बारीक लाल पुरळ ही जोडी कितीतरी आजारांत दिसते. नुसता पुरळाचा फोटो दाखवला तर अनुभवी बालरोगतज्ज्ञही छातीठोकपणे सांगू शकत नाही. गोवर ओळखू येतो तो त्याच्या क्रमावरून. आधी काय आले, मागून काय आले, पुरळ तापाच्या कितव्या दिवशी उठले, कुठून सुरू झाले, कुठे उतरत गेले? ही माहिती दवाखान्यात पाच मिनिटांत मिळत नाही. ती मुलाच्या उशाशी रात्र काढलेल्या माणसाकडे असते. म्हणूनच गोवराच्या निदानात आईवडील, आजी-आजोबा, अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेतले शिक्षक यांचा वाटा मोठा आहे. तो कसा उचलायचा ते या लेखात सांगायचे आहे.

गोवराचे दिवस

विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप यायला साधारण दहा दिवस लागतात आणि पुरळ उठायला साधारण चौदा. हे गणित पहिल्यांदा नीट मांडले ते पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने. 1846 साली उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली, तेव्हा तो गावोगाव फिरला. कोणत्या गावात आजारी माणूस कोणत्या तारखेला आला आणि तिथल्या लोकांना पुरळ कधी उठले, याची त्याने नोंद ठेवली. उत्तर जवळजवळ प्रत्येक गावात तेच आले, तेरा-चौदा दिवस. त्याला आणखी एक गोष्ट दिसली. 1781 च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांना पासष्ट वर्षांनंतरही तो पुन्हा झाला नाही.

या दोन्ही गोष्टी आजही उपयोगी पडतात. मुलाला पुरळ उठले की दोन आठवडे मागे जाऊन आठवा. लग्नाला गेला होतात का? पाहुणे आले होते का? दुसऱ्या कारणाने एखाद्या दवाखान्याच्या गर्दीत बसला होतात का? आणि कोणी सांगितले की ‘याला दोनदा गोवर येऊन गेला’, तर त्यातला निदान एक तरी गोवर नव्हता असे समजायला हरकत नाही. खरा गोवर सहसा आयुष्यात एकदाच होतो.

पहिले तीन दिवस गोवर हा गोवरासारखा दिसतच नाही. ताप चढतो, नाक वाहते, कोरडा खोकला सुरू होतो, डोळे लाल होऊन पाणावतात. मूल उजेडाकडे बघत नाही, किरकिर करते, खात नाही. कोणीही याला साधा फ्लूच म्हणेल आणि त्या घडीला तसे म्हणण्यात चूक नाही. पण खोकला, वाहणारे नाक आणि लाल डोळे हे तिघे लक्षात ठेवा. तापासोबत यातले एकही लक्षण नसताना पुरळ उठले, तर गोवराची शक्यता बरीच कमी होते. उलट तिन्ही असतील आणि मुलाने लस घेतलेली नसेल, तर पुरळ उठण्याची वाट न बघता सावध व्हावे.

याच काळात, पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधी, तोंडात एक खूण दिसते. खालच्या दाढांच्या समोर, गालाच्या आतल्या बाजूला, लाल झालेल्या त्वचेवर मिठाच्या कणाएवढे निळसर पांढरे ठिपके येतात. न्यूयॉर्कमधले बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक यांनी 1896 मध्ये त्यांचे महत्त्व दाखवून दिले, म्हणून त्यांना कॉप्लिकचे ठिपके म्हणतात. मुलाला खिडकीजवळ किंवा टॉर्चच्या उजेडात घ्या, चमच्याच्या दांड्याने गाल हलकेच बाजूला करा आणि बघा. दुधाची साय किंवा तोंड आल्यावर जमणारा पांढरा थर यांच्याशी घोटाळा होऊ शकतो. सायीचा कण पुसला की निघतो, थराचे चट्टे मोठे असतात आणि जिभेवरही दिसतात. कॉप्लिकचे ठिपके बारीक, सुटे आणि लाल पार्श्वभूमीवर असतात. ते दिसले तर निदान जवळपास पक्के. दिसले नाहीत म्हणून गोवर नाही असे मात्र ठरवू नका, कारण पुरळ उठल्यावर एक-दोन दिवसांत ते नाहीसे होतात आणि बहुतेक मुले दवाखान्यात येतात तोवर उशीर झालेला असतो.

तापाच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पुरळ उठते. सुरुवात कानामागे आणि कपाळावर केसांच्या कडेला होते. तिथून चेहरा, मान, छाती, पाठ, पोट, हात आणि शेवटी पाय, असे साधारण तीन दिवसांत ते खाली उतरते. चेहऱ्यावर आणि मानेवर ते इतके दाट होते की ठिपके एकमेकांत मिसळून जातात, तर पायांवर ते सुटे सुटे राहते. महत्त्वाचे म्हणजे पुरळ उठते तेव्हा ताप उतरत नाही, उलट सगळ्यात जास्त चढतो. तो 104 अंश फॅरनहाइटपर्यंत किंवा त्याच्याही वर जातो. पुरळ उठून तीन-चार दिवस झाले की ताप उतरू लागतो. मग ज्या क्रमाने पुरळ आले त्याच क्रमाने, म्हणजे आधी चेहऱ्यावरून आणि शेवटी पायांवरून, ते मावळते. मागे तपकिरी डाग राहतात आणि कोंड्यासारखी बारीक साल निघते. डाग काही आठवड्यांत जातात. खोकला थोडा रेंगाळतो.

पुस्तकातले गोवराचे फोटो बहुतेक वेळा गोऱ्या मुलांचे असतात. आपल्याकडच्या सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लालसरपणा दिसेलच असे नाही. पुरळ जांभळट, गडद किंवा नुसते खरखरीत वाटते. म्हणून डोळ्यांबरोबर हातही वापरा. कानामागे, कपाळावर, पाठीवर तळहात फिरवला की बारीक उंचवटे जाणवतात. ट्यूबलाइटखाली नव्हे, दिवसाच्या उजेडात बघा आणि रोज एकाच ठिकाणचा फोटो काढून ठेवा. पहिल्या दिवशीचा चेहऱ्याचा आणि तिसऱ्या दिवशीचा पायांचा असे दोन फोटो डॉक्टरांना बरेच काही सांगून जातात.

हा क्रम सगळ्यांत सारखा नसतो. लसीचा एखादा डोस झालेल्या मुलाला किंवा आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अजून थोडी शिल्लक असलेल्या तान्ह्या बाळाला सौम्य गोवर येतो. ताप कमी, पुरळ विरळ, दिवस थोडे. कुपोषित मुलात पुरळ जास्त गडद होते आणि साल मोठ्या पापुद्र्यांनी निघते. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या किंवा एचआयव्हीबाधित मुलात तर पुरळ उठतच नाही असेही होते आणि थेट न्यूमोनिया समोर येतो. अशा मुलांच्या घरात किंवा वर्गात कोणाला गोवर झाला, तर लक्षणांची वाट बघत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

गोवर वाटतो, पण नसतो

सगळ्यात जवळचा भाऊबंद रुबेला. याला जर्मन गोवर असेही म्हणतात, पण विषाणू वेगळाच आहे. ताप कमी, मूल फारसे मलूल नाही, पुरळ गुलाबी आणि विरळ. ते चेहऱ्यावरून सुरू होते खरे, पण एका दिवसात अंगभर होते आणि तीन दिवसांत जाते. मान आणि कानामागच्या गाठी सुजून दुखतात, ही त्याची ठळक खूण. मुलाला त्याचा त्रास थोडा होतो. धोका असतो तो घरातल्या किंवा शेजारच्या गरोदर बाईला. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर पोटातल्या बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष असे जन्मभराचे व्यंग येऊ शकते. म्हणून ‘गोवर असो की रुबेला, दोन्ही आपोआप बरे होतात, मग तपासणी कशाला’ हे म्हणणे मला मान्य नाही. घरात किंवा चाळीत कोणी गरोदर असेल तर हा फरक कळलाच पाहिजे.

सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांत रोझिओला नावाचा आजार फार होतो आणि घरोघरी तो गोवर म्हणून खपतो. तीन-चार दिवस कडक ताप, बाकी लक्षणे जेमतेम, आणि मग ताप झपकन उतरतो. ताप उतरल्यावर छाती-पोटावर गुलाबी पुरळ उठते. तोवर मूल खेळायलाही लागलेले असते. इथे क्रमच निदान करून देतो. ताप गेल्यावर पुरळ आले तर रोझिओला, ताप शिगेला असताना आले तर गोवराचा विचार करा. ‘याला दोनदा गोवर आला’ म्हणतात त्यातला एक बहुधा हाच असतो.

औषधाच्या पुरळाबद्दल सविस्तर बोलायला हवे, कारण त्यात दोन्ही बाजूंनी चुका होतात. नेहमी घडणारी गोष्ट अशी. मुलाला ताप-सर्दी-खोकला होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अमॉक्सिसिलिनसारखे अँटिबायोटिक सुरू होते. चौथ्या दिवशी अंगभर पुरळ. घरचे औषधाला दोष देतात, औषध बदलते आणि मुलाच्या फाइलवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ अशी नोंद कायमची बसते. प्रत्यक्षात तो गोवर असू शकतो आणि औषधाचा त्यात काही संबंध नसतो. ही चुकीची नोंद पुढे प्रत्येक आजारात त्या मुलाला आडवी येते. आणि दरम्यान ज्याला विलग ठेवायला हवे होते, ते मूल चार घरी जाऊन आलेले असते. उलटही होते. औषधामुळे उठलेले पुरळ गोवर समजून तेच औषध चालू ठेवले जाते. औषधाचे पुरळ सहसा छाती-पोटावरून सुरू होते, बऱ्याचदा खाजते, त्याच्याबरोबर नव्याने सर्दी आणि लाल डोळे येत नाहीत. पहिल्यांदाच घेतलेल्या औषधाचे पुरळ बहुतेक वेळा औषध सुरू केल्यापासून चार-पाच दिवस ते दोन आठवड्यांत उठते. म्हणून औषध सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा. त्वचेवर फोड येऊ लागले, कातडी सोलवटली किंवा ओठ, तोंड, डोळे यांना जखमा झाल्या तर तो औषधाचा गंभीर परिणाम असू शकतो. तेव्हा रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत डेंग्यूचा विचार आपल्याकडे करावाच लागतो. डेंग्यूत अंग, डोके आणि डोळ्यांच्या खोबणी ठणकतात, उलट्या होतात. सर्दी-खोकला मात्र सहसा नसतो. सुरुवातीला चेहरा लालबुंद दिसतो आणि खरे पुरळ नंतर, ताप उतरण्याच्या सुमारास येते. लाल अंगावर मधूनमधून पांढरट त्वचेचे ठिपके राहिलेले दिसतात. डेंग्यूत ताप उतरतो तोच काळ जपायचा असतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. निदान स्पष्ट होईपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच द्या. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन देऊ नका.

चिकनगुनियात सांधे इतके धरतात की मूल उभे राहायला नकार देते. तिथे सहसा गोंधळ होत नाही.

खेड्यापाड्यांत, शेतात आणि झाडीत वावर असलेल्या मुलांत आणखी एका गटाची आठवण ठेवावी. चिगर किड्यामुळे होणारा स्क्रब टायफस आणि गोचिडीमुळे होणारे ठिपक्यांचे ताप हा तो गट. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हा हे नाव बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकले. काखेत, जांघेत, केसांत किंवा कानामागे चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर ती चाव्याची जागा समजा आणि डॉक्टरांना दाखवा. गोचिडीच्या तापाचे पुरळ मनगट आणि घोट्यांपासून सुरू होते, तळहात-तळपायांवरही येते आणि आत धडाकडे सरकते. म्हणजे गोवराच्या उलट दिशेने. यावर डॉक्सिसायक्लीन हे स्वस्त औषध उत्तम चालते, पण ते वेळेत सुरू व्हावे लागते. गोवर समजून चार दिवस घरी काढले तर जिवावर बेतते.

स्कार्लेट ज्वरात घसा फार दुखतो, खोकला-सर्दी नसते, अंगावरचे बारीक पुरळ हाताला खरखरीत लागते, ओठांभोवतीची त्वचा फिकी राहते आणि जीभ लालभडक दाणेदार होते. हा जिवाणूंमुळे होतो, त्यामुळे इथे अँटिबायोटिक लागतेच.

कावासाकी आजार कमी आढळतो, पण तो निसटला तर मोल मोठे. जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी 1967 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पाच दिवस उलटून गेले तरी ताप हटत नाही, डोळे लाल पण त्यांतून पाणी किंवा चिपडे नाहीत, ओठ लाल आणि फुटलेले, हातापायांना सूज, मानेत एक मोठी गाठ. पुरळ बहुतेक वेळा असते, पण त्याला ठरलेला क्रम नसतो. यात हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात आणि ते टाळण्याचे इंजेक्शन आजाराच्या पहिल्या दहा दिवसांत दिले तर सर्वांत जास्त उपयोग होतो. गोवराचा ताप पुरळ उठल्यावर तीन-चार दिवसांत उतरायला लागतो हे आठवा. तो उतरत नसेल तर एक तर गोवरात काही गुंतागुंत झाली आहे किंवा तो गोवर नाही. दोन्ही बाबतींत मुलाला पुन्हा दाखवायला हवे.

एक तपासणी घरी करता येते. काचेचा पारदर्शक पेला पुरळावर दाबा. बहुतेक विषाणूंचे ताजे पुरळ दाबल्यावर फिकट होते. ताप असलेल्या मुलाच्या अंगावर दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके दिसले आणि मूल गुंगीत असेल, मान ताठ असेल, हातपाय गार असतील, तर मेनिंगोकोकस जिवाणूचा संसर्ग असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो, लगेच निघा. गोवराचे जुने तपकिरी डागही दाबून जात नाहीत, पण तोवर मूल सुधारायला लागलेले असते.

कांजिण्या आणि हात-पाय-तोंडाचा आजार यांत पाण्याने भरलेले फोड असतात. गोवरात ते नसतात, एवढा फरक पुरे. घामोळ्यात ताप नसतो. पित्ताच्या गांधी तासाभरात जागा बदलतात.

कोणता नमुना कधी

वरचे सगळे वाचून घरबसल्या पक्के निदान करावे अशी माझी अपेक्षा नाही. गोवर जसजसा कमी होत जातो तसतसे नुसत्या डोळ्यांनी केलेले निदान जास्त वेळा चुकते. तरुण डॉक्टरांनी गोवर फारसा पाहिलेला नसतो. म्हणून आरोग्य यंत्रणेचा नियम सोपा ठेवला आहे. ताप आणि पाणी नसलेले पुरळ, मग वय कोणतेही असो, हा संशयित रुग्ण मानायचा आणि त्याची तपासणी करायची. तुमच्या आशाताईंना, नर्सबाईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवले की नमुना घेण्याची व्यवस्था होते. सरकारी यंत्रणेमार्फत ही तपासणी मोफत आहे. खासगी दवाखान्यात दाखवले असले तरी हे कळवता येते आणि कळवावेच.

रक्तात गोवराविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडे शोधतात. पुरळ उठल्यापासून पहिल्या तीन दिवसांत ही तपासणी केली तर गोवर असलेल्या चार-पाचांतल्या एकाचा अहवाल नकारात्मक येऊ शकतो. तिसऱ्या दिवसानंतर ती भरवशाची होते आणि चार आठवड्यांपर्यंत उपयोगी राहते. घशाचा किंवा नाकाचा नमुना पीसीआर तपासणीसाठी पाठवतात, त्याचे वेळापत्रक उलटे. तो पुरळाच्या पहिल्या काही दिवसांतच घ्यावा लागतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी केलेल्या रक्ततपासणीचा अहवाल नकारात्मक आला म्हणून मुलाला शाळेत पाठवू नका. तपासणी कितव्या दिवशी केली, हे अहवालाइतकेच महत्त्वाचे आहे.

डॉक्टरांना लसीची तारीखही सांगा. गोवर-रुबेला लसीनंतर सात ते बारा दिवसांनी शंभरातल्या साधारण पाच मुलांना सौम्य ताप आणि विरळ पुरळ येते. त्या काळात आयजीएमही सकारात्मक येते. हा लसीचा परिणाम असतो, तो आपोआप जातो. फक्त त्या भागात साथ चालू असेल तर लसीचे पुरळ की खरा गोवर, हे पीसीआरवरून प्रयोगशाळा वेगळे करून देऊ शकते.

एका मुलाची माहिती कळवण्याला किती अर्थ असतो, हे 2022 च्या अखेरीस मुंबईत दिसले. गोवंडी आणि आसपासच्या दाट वस्त्यांत गोवराची साथ पसरली, पुढे भिवंडी, मालेगावकडेही रुग्ण सापडले. कोरोनाच्या काळात अनेक मुलांच्या लसी राहून गेल्या होत्या. नऊ महिन्यांच्या आतली बाळेही आजारी पडत होती, म्हणून बाधित भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस द्यायचे ठरले. कुठे कोणत्या वयाची किती मुले आजारी आहेत हे कळल्याशिवाय असा निर्णय घेता येत नाही. पुरळ घरात लपवून ठेवलेले मूल या मोजणीत येतच नाही.

अहवाल येईपर्यंत

गोवराचा विषाणू हवेतून पसरतो. आजारी माणूस खोली सोडून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तो तिथल्या हवेत टिकतो, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या दहा जणांचा निकटचा संपर्क आला तर नऊ जणांना लागण होऊ शकते. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत मूल तो पसरवत असते. म्हणून संशय आला तर दवाखान्यात जाण्याआधी फोन करा. डॉक्टर वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या खोलीत बघतील. प्रतीक्षागृहात, तान्ह्या बाळांच्या आणि गरोदर बायकांच्या मध्ये बसू नका.

गोवर बाहेर पडू द्यावा, औषध देऊ नये, अंघोळ घालू नये, हा समज अजूनही घट्ट आहे. पुरळ औषधाने आत जात नाही आणि बाहेरही येत नाही. ज्या मुलांचे जीव जातात ते बहुतेक न्यूमोनियाने, जुलाबाने, मेंदूच्या सुजेने जातात, आणि ही गुंतागुंत पुरळाकडे बघत बसल्यामुळे निसटते. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा तर ठेवा, मुलाच्या श्वासाकडे मात्र लक्ष द्या. मूल शांत असताना एक मिनिट पूर्ण मोजा. दोन महिने ते एक वर्षापर्यंत मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे छातीत जंतुसंसर्ग असण्याची शक्यता. पोट उडणे, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणे, घशातून घरघर, आकडी, गुंगी, काहीही न पिणे, डोळ्याच्या बुबुळावर पांढुरका डाग, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यातले एकही दिसले तर थेट रुग्णालयात जा.

अंगावरचे दूध चालू ठेवा. पेज, वरण-भात, केळे, जे मूल खाईल ते द्या. जुलाब असतील तर जलसंजीवनी द्या. कोमट पाण्याने अंग पुसा, डोळे स्वच्छ ओल्या कापडाने पुसा. गोवराला मारणारे औषध नाही, त्यामुळे गुंतागुंत नसताना अँटिबायोटिकने काही साधत नाही. जीवनसत्त्व अ मात्र मागून घ्या. गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला त्याचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सहा महिन्यांच्या आत 50 हजार युनिट, सहा महिने ते एक वर्ष एक लाख, त्यापुढे दोन लाख. याने डोळे वाचतात आणि मृत्यूचा धोकाही कमी होतो. हे डोस डॉक्टरांच्या किंवा नर्सबाईंच्या हातूनच द्या, कारण जास्त झालेले जीवनसत्त्व अ घातक असते.

घरातल्या बाकी मुलांची कार्डे त्याच दिवशी काढा. संपर्क आल्यापासून 72 तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. लस देता येत नाही अशांना, म्हणजे अगदी तान्ह्यांना, गरोदर स्त्रियांना, प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांना, सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देता येते. त्यासाठी डॉक्टरांशी लगेच बोलावे लागते. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस 9 ते 12 महिन्यांदरम्यान आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांदरम्यान आहे. नऊ महिन्यांना दिलेला एकच डोस शंभरातल्या साधारण 85 मुलांना संरक्षण देतो, म्हणून दुसरा चुकवू नका. ठरलेले वय उलटून गेले असेल तरी पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस सरकारी केंद्रात मोफत मिळतो.

एक वही घ्या आणि तीत पाच तारखा लिहा: ताप सुरू झाला ती, खोकला-सर्दी आणि लाल डोळे दिसले ती, पुरळ उठले ती, औषध सुरू केले ती आणि लसीचा शेवटचा डोस झाला ती. पुरळ पहिल्यांदा कुठे दिसले तेही लिहा आणि दवाखान्यात गेल्यावर सगळ्यात आधी ती वही डॉक्टरांच्या हातात द्या.